सिद्धलिंगप्पाच्या पिकपचा दम

खजुरीच्या फाट्यावर भीमराज मिस्त्रीचं पत्र्याचं शेड होतं. नजर लागू नये म्हणून कुणी गाडीला लिंबू-मिरची बांधून आणली, तर हा बाबा आधी ते लिंबू सोडायचा, कापायचा, मीठ लावून चोखायचा आणि मग विचारायचा, "हं, सांगा आता. काय होतंय गाडीला?" गिऱ्हाईक डोळे फाडून बघत राहायचं. त्याची बायको भागाबाई कपाळाला हात लावायची. "येक दिवस त्यातली मिरची लागंल तुमाला, तवा कळंल," म्हणायची. "मिरची तू कालवणात घाल," असं म्हणून भीमराज गाडीखाली शिरायचा. आळंदपासून उमरग्यापर्यंत सगळ्या ड्रायव्हरांना त्याचा हा स्वभाव ठाऊक होता, आणि तरी गाडी बिघडली की ते त्याच्याकडंच यायचे. हात चांगला असला की लोक तोंड सहन करतात.

त्याचं हे वागणं नुसती मिजास नव्हती बरं का. त्याचा बाप निजामाच्या काळापासून गावकीची कामं करायचा. गावात कुणी मेलं की सांगावा घेऊन पाव्हण्यांच्या गावी धावायचं, उन्हातान्हात, पावसात, उपाशीपोटी. मेलेलं ढोर ओढायचं तेही त्यानंच. छप्पन साली दीक्षा घेतल्यावर बापानं हे सगळं एका दिवसात टाकून दिलं. घरातले देव ओढ्यात सोडले आणि पोराला समोर बसवून सांगितलं, "मेल्या माणसाचं कसलंच काम आता आपल्याकडं न्हाई. त्याचं भ्या बी न्हाई." भीमराज तेव्हा मिसरूड फुटलेला पोरगा होता. बापाचा शब्द त्यानं जन्मभर गाठीला बांधला.

आता असल्या पोराच्या हातात इंजन कोण देणार? दिलं सिद्धलिंगप्पानं. तेही काही मोठ्या मनानं दिलं असं नाही, खोटं कशाला बोला. सिद्धलिंगप्पा लिंगायत, थोडं शेत, थोडा तुरीचा नि मिरचीचा व्यापार. त्यानं लष्कराच्या लिलावातली एक जुनी पेट्रोलची पिकप आणली. पुढं नाकाड, मागं लाकडी हौदा. गावानं तिचं नाव 'फौजी' ठेवलं. फौजी सुरू व्हायची ती पुढून लोखंडी हँडल घालून, गरागरा फिरवून. आणि सिद्धलिंगप्पाला होता दमा. दोन फेरे फिरवले की माणूस बॉनेटला टेकून उभा, छाती भात्यासारखी वरखाली. दोन लहान श्वास, मग एक लांब, शिट्टी वाजल्यासारखा, आणि मग थोडा थांबा. त्या थांब्यात बघणाऱ्याचा जीव घाबरा व्हायचा.

अशाच एका सकाळी रस्त्यानं भीमराज चालला होता. अप्पानं त्याला हाक मारली. हँडल त्याच्या हातात देण्याआधी अप्पानं इकडंतिकडं बघून घेतलं, कुणी बघतंय का म्हणून. हे भीमराज कधी विसरला नाही. पण दिलं, हेही विसरला नाही.

"अंगठा बोटांच्याच बाजूला ठेव. आवळून धरलास आणि उलटं फिरलं तर मनगट मोडतंय," अप्पा म्हणाला. "आणि नुसतं फिरवू नको. हाताला काय म्हणतंय ते ऐक."

तिथून पुढं ही जोडी जमली. अप्पा गादीवर बसून चावी नि चोक सांभाळायचा, भीमराज हँडल मारायचा. चार सिलिंडर; प्रत्येकात पिस्टन वर येताना कोंडलेली हवा हाताला उलटं ढकलते. तो दाब मजबूत असला तर इंजन तगडं. भीमराज त्या दाबावरून इंजनाची नाडी बघायला शिकला आणि पुढं फाट्यावर शेड टाकण्याएवढा मिस्त्री झाला. अप्पाच्या ओसरीची पायरी मात्र तो कधी चढला नाही. त्याला कुणी चढ म्हणालं नाही, आणि त्यानंही विचारलं नाही. चहा अंगणातच यायचा.

म्हैसूर स्टेटाचं नाव बदलून कर्नाटक झालं त्याच हिवाळ्यात अप्पा गेले. आळंदच्या रस्त्यावर ओढा ओलांडला की लांबच लांब चढ आहे, आणि त्या चढाच्या मध्याला, रस्त्याला लागूनच, अप्पांचं शेत. बाजारातून परत येताना अप्पांनी गाडी तिथं कडेला घेतली, ब्रेक लावला आणि गादीवर बसल्या बसल्या प्राण सोडला. बाजारकरूंनी भीमराजला बोलावून आणलं. इंजन चालूच होतं. अप्पांचे डोळे पुढच्या काचेतून रस्त्याकडं लागलेले, दोन्ही हात स्टिअरिंगवर, आणि सगळी गाडी त्यांच्यासकट हळूहळू थरथरत होती. चावी फिरवून ती भीमराजनंच बंद केली. त्या क्षणी आलेली शांतता त्याला आवडली नाही.

लिंगायतांच्या रिवाजाप्रमाणे अप्पांना त्यांच्याच शेतात बसवून माती दिली. खड्ड्यात मांडी घालून बसवलेले, हातात लिंग, भोवती बेलाची पानं आणि विभूती. विभूतीच्या गोळ्याच गोळ्या. भीमराज बांधावर लांब उभा होता. अप्पांची बायको गुरुबाई रडत नव्हती. ती वाकून कान देऊन ऐकत होती, माती पडताना सुद्धा.

दिवस गेले. अप्पांचा मुलगा सोमशेखर गाडी चालवायला लागला. गुरुबाई रोज सकाळी न्हाऊन ओल्या केसांनी फौजीपाशी जायची, बॉनेटला विभूतीची तीन बोटं ओढायची, हात जोडायची. त्यात कुणाला काय वाटणार? कुणी ट्रॅक्टरला हळदकुंकू लावतो, कुणी पंपाला नारळ फोडतो. पण हळूहळू फौजीची ताकद जायला लागली. सपाटीला चालायची, चढ आला की कण्हायची. आणि मग एके दिवशी भरला माल घेऊन जाताना ती अप्पांच्या समाधीपाशी, बरोब्बर तिथंच, थांबली. दुसऱ्या खेपेलाही तिथंच. तिसऱ्या खेपेला सोमशेखरनं माल निम्मा केला, तरीही तिथंच.

मग काय, गावाला तेवढंच पाहिजे होतं. अप्पा उतरायलेत, अप्पा चढायलेत, अप्पांनी ब्रेक दाबला. बायका त्या चढावरून जाताना पोरांचे डोळे झाकायला लागल्या.

सोमशेखर शेडात आला तो मान खाली घालूनच. "अण्णा, आई म्हणतीय अप्पा थांबवायलेत गाडी."

"तुझे अप्पा गाडी चालवायला शिकले, थांबवायला न्हाई," भीमराज खेकसला. "चढावर इंजनाचा दम सुटायलाय. चढ तुमच्या शेतापाशी हाय, म्हणून गाडी तिथं थांबायलीय. समाधी बाजारात असती तर बाजारात थांबली असती का?"

"तसं न्हाई अण्णा," सोमशेखर म्हणाला आणि त्याचा आवाज चिरकला. "शांतम्माचे दिवस भरायलेत."

भीमराजचा राग तिथंच बसला. सोमशेखरच्या बायकोचं पहिलं बाळ आळंदच्या वाटेवर बैलगाडीतच गेलं होतं. पोर आडवं आलं होतं आणि दवाखाना गाठेपर्यंत सगळं संपलं होतं. नर्सबाईनं बजावलं होतं, ह्या खेपेला पहिली कळ आली की निघायचं. एसटीचा भरवसा नाही, गावात दुसरी गाडी नाही. फौजी त्या चढावर थांबली, तर हेही बाळ जाणार आणि बहुतेक त्याची आईही.

"गाडी हितं ठेव आणि जा," भीमराज म्हणाला.

बाजाराचा दिवस होता. फाट्यावर चिटपाखरू नव्हतं. वर ऊन, खाली काळी माती भेगाळलेली, आणि वाऱ्याचं नाव नाही. भीमराजनं बॉनेट उघडलं, हँडल घातलं आणि चावी बंदच ठेवून सावकाश फिरवायला घेतलं. हाताला काही लागेचना. एकेकाळी मनगट मोडायला उठणारं हँडल कोरड्या विहिरीवरच्या रहाटासारखं फिरत होतं. नुसती एका सिलिंडरला थोडी ओढ.

त्यानं चारही प्लग काढले. भोकावर अंगठा दाबून दुसऱ्या हातानं हँडल फिरवलं. दाब चांगला असला तर अंगठा फटकन उडतो. पहिल्याला वारं नुसतं अंगठ्याला चाटून गेलं. दुसऱ्याला तसंच. तिसऱ्याला तेवढंही नाही. चौथा तेवढा बरा. आता हवा जाते कुठं? व्हॉल्व जळले तर ती सायलेन्सरातून नाहीतर कार्बोरेटरातून जाणार, गॅसकेट फाटलं तर पाण्यात बुडबुडे येणार, आणि पिस्टनच्या रिंगा झिजल्या असल्या तर खाली इंजनाच्या पोटात. पोटातली हवा बाहेर यायला एक नळी असते, इंजनाच्या कुशीतून खाली उतरलेली. त्यानं प्लग परत लावले, हँडल फिरवलं आणि कान त्या नळीकडं दिला.

हुं. हुं. हूंऽऽऽस. आणि थांबा.

भीमराजनं हँडल थांबवलं. त्यानं परत फिरवलं. दोन लहान, एक लांब, शिट्टी वाजल्यासारखा. मग थांबा. तोच. हँडल मारून झाल्यावर बॉनेटला टेकून उभ्या राहणाऱ्या माणसाचा.

"येडा का खुळा तू," तो स्वतःलाच मोठ्यानं म्हणाला. "दोन सिलिंडर थोडे गळायलेत, तिसरा जास्त गळायलाय, चौथा धड हाय मनून गप हाय. झालं की." सगळं बरोबर होतं. हिशेब चोख होता. पण अंगावरचा काटा हिशेब ऐकत नाही. त्यानं हँडल अर्ध्यावर, दाबाच्या तोंडाशी आणून धरून ठेवलं. आता काहीच हलत नव्हतं. ना हात, ना हँडल, ना पान. आणि त्या हलत नसलेल्या इंजनातून श्वास आपला आपण बाहेर आला, लांबच लांब, घरघरत, शेवटपर्यंत. हाताखालचं हँडल हळूहळू सैल पडत गेलं, कुणीतरी धरलेला हात सोडून द्यावा तसं.

कोंडलेली हवा झिजल्या रिंगांतून निसटते, त्याला तेवढा वेळ लागतो. भीमराजला हे ठाऊक होतं. तरी तो शेडाबाहेर उन्हात जाऊन उभा राहिला आणि घागरीतलं पाणी डोक्यावर ओतून घेतलं.

मग परत आत आला. प्लगच्या भोकांतून सिलिंडरांत थोडं थोडं ऑइल ओतलं. रिंगा झिजल्या असल्या की ऑइलनं फट भरते आणि दाब तात्पुरता परत येतो. फिरवलं तर हँडल ताठ झालं, आणि नळी गप. म्हणजे रिंगाच. यात आता शंका नव्हती. पण रिंगा एवढ्यात झिजाव्यात कशानं? अप्पांच्या हयातीतच नव्या घातल्या होत्या, भीमराजनं स्वतः. धूळ गेल्याशिवाय एवढी झीज होत नाही. म्हणून त्यानं हवेचा डबा काढला. इंजन हवा ओढतं ती ह्या डब्यातून. धूळ डब्यातल्या ऑइलात अडकते. झाकणाचा खटका सैल होता, रोज उघडल्यासारखा. डब्याच्या खाली कार्बोरेटरचं तोंड, आणि त्या तोंडाच्या कडेनं पांढुरका थर. त्यानं बोट लावून हुंगलं.

विभूती.

त्यानं बोट फडक्याला पुसलं. मग हेड उतरवलं. चारही पिस्टनच्या माथ्यावर काजळीत मिसळलेली राख, आणि सिलिंडरच्या भिंतींवर उभे ओरखडे, नखांनी ओढावेत तसे. अप्पांना बसवलेल्या त्या खड्ड्यात त्यानं अशीच राख बघितली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो अप्पांच्या अंगणात गेला. गुरुबाई जनावरांपुढं कडबा टाकत होती. "अक्का," तो म्हणाला, "गाडीच्या तोंडात कुणी काय घालायलंय का?"

ती लाजली. खरंच लाजली, नव्या नवरीसारखी. "चिमूटभर घालते. ते डब्याचं झाकण उघडून पुसायचे, मी बघितलं हुतं." मग जवळ येऊन हळू आवाजात म्हणाली, "तू ऐकलास न्हाई का रे? भीमराजा, तू तर रोज त्यांच्याजवळ हुतास. खरं सांग."

भीमराजला खोटं बोलायचं होतं. "ऐकलं," तो म्हणाला.

"मग?" ती म्हणाली, आणि तिचा चेहरा असा उजळला की त्याला पुढचं बोलवेना. अक्का, तुमच्या ह्या चिमटीनं इंजन खाल्लं, हे त्या तोंडाकडं बघून कसं सांगायचं? नवरा गेलेली बाई, कुणाचं वाईट केलं नाही तिनं. जाऊ दे, त्याला वाटलं. गाडी नीट करायची आणि झाकण बंद करायचं, एवढंच आपलं काम. दयाच होती ती. पण दया सुद्धा कधी कधी माणसाला नडते.

सोमशेखरला त्यानं सांगितलं, "रिंगा म्हाताऱ्या झाल्या." इंजन उतरवून सोलापूरला सिलिंडर आतून घासून, बोअर करून आणले, नवे पिस्टन, नव्या रिंगा घातल्या, आणि हवेच्या डब्याचं झाकण पोलादी तारेनं आवळून टाकलं. "हे मला इचारल्याबिगर कुणी सोडायचं न्हाई," एवढंच बजावलं. उतरवलेलं इंजन रॉकेलनं धुताना राखेचं पाणी कुठं टाकावं ते त्याला कळेना. शेवटी कुणाला दिसणार नाही असं शेडामागं ओतलं, आणि ओतताना चप्पल काढली. का काढली, हे भागाबाईनं विचारलं तर तो तिच्यावरच ओरडला.

नव्यानं बांधलेलं इंजन असं चालायला लागलं की बॉनेटवर पाण्यानं भरलेला तांब्या ठेवला तर हिंदकळू नये. भीमराजनं आयुष्यात एवढं गप इंजन बांधलं नव्हतं. गुरुबाई नळीपाशी खाली बसली, कान दिला, पदर सावरून परत कान दिला. मग उठली. "काढलास तू त्यांना बाहेर," एवढंच म्हणाली आणि आत गेली. पण शांतम्माला कळा आल्या तेव्हा फौजी तो चढ एका दमात चढली, आळंदच्या दवाखान्यात बाळ-बाळंतीण सुखरूप सुटली, आणि मुलगा झाला. रिवाजाप्रमाणं नाव आजोबांचंच ठेवलं. घरात त्याला सिद्धू म्हणायचे.

पौषात तुरीची रास चालू होती. हवेत भुस्काट नुसतं. फौजीचं ऑइल बदलायचं म्हणून भीमराज त्यांच्या अंगणात आला होता. सोमशेखर खळ्यावर गेलेला. ऑइल बदलून झालं, इंजन सुरू करून बघितलं, बंद केलं. आणि बंद केल्यावरच त्याला ऐकू आलं.

हुं. हुं. हूंऽऽऽस.

तो गाडीखाली वाकला. नळीवर हात धरला. काही नाही. इंजन मेल्यागत गप. आवाज मागून येत होता. घरातून. ओसरीवरच्या पाळण्यातून.

"पोराला काय झालं?" त्यानं अंगणातूनच विचारलं.

"भुस्काटानं खोकला झालाय, अण्णा," शांतम्मा चुलीपुढून म्हणाली. "सासूबाई रोज चिमूटभर अंगारा घालायलेत जिभेवर. बरं वाटंल."

आता हे काय जगावेगळं आहे का? लेकरू आजारी पडलं की कोणत्या घरात अंगारा लावत नाहीत, जिभेवर टेकवत नाहीत? शांतम्माला त्यात काही वाटलं नाही, सोमशेखरला वाटलं नाही, आणखी कुणालाही वाटलं नसतं. गावात एकटाच माणूस होता ज्याला त्याचा अर्थ कळत होता, आणि तो अंगणात ऑइलानं बरबटलेले हात घेऊन उभा होता. रोज, म्हणाली ती. रोज.

गुरुबाई पाळण्यावर वाकली होती. तिनं कान पोराच्या छातीला लावला. दोन लहान, एक लांब, मग थांबा. ती हसली. "आलास व्हय," ती मायेनं म्हणाली. तिनं कमरेचा बटवा सोडला. चिमूट नव्हती ती. बोटं भरून राख होती.

"अक्का, थांबा! घालू नका!" भीमराज ओरडला. "इंजन म्हातारं झालं नव्हतं. तुमच्या विभूतीनं खाल्लं त्याला, माज्या डोळ्यानं बघितलं मी! पोराच्या छातीत जाईल ती!"

गुरुबाईनं मान वर केली. तिला राग आला नव्हता, नवलही वाटलं नव्हतं. अडाण्याला समजावून सांगावं तसं ती म्हणाली, "खाल्लं न्हाई रे, आणलं. घातल्याबिगर ते येतच न्हाईत." आणि तिनं पोराच्या तोंडात बोटं घातली.

पोरानं रडायला श्वास ओढला आणि सगळी राख आत गेली. भीमराज पायरी चढला केव्हा, ओसरी ओलांडली केव्हा, त्याला कळलंच नाही. त्यानं म्हातारीचं मनगट धरून मागं खेचलं. तिच्या हातावर त्याच्या काळ्या बोटांचे वळ उठले. पोराचे ओठ निळे पडायला लागले होते. शांतम्मा धावत आली, तिनं पोर उचललं, पालथं धरलं, पाठीत थापट्या मारल्या, पदरानं तोंड पुसलं. मग सासूकडं एकदा बघितलं आणि फौजीत जाऊन बसली.

"चला, अण्णा," ती म्हणाली. "चला लौकर."

भीमराजनं हँडलच्या एका झटक्यात फौजी सुरू केली आणि अशी हाणली की अंगणातल्या कोंबड्या छपरावर गेल्या. मागं गुरुबाई रस्त्याच्या मधोमध उभी होती. ती पळत नव्हती, रडत नव्हती. ती कान देऊन ऐकत होती.

ओढा आला. चढ लागला. फौजीनं हूं की चूं केलं नाही, आणि तेच वाईट झालं. भीमराजनं जन्मात बांधलेलं सगळ्यांत गप इंजन, त्याच्या आवाजाखाली काहीच झाकलं जात नव्हतं. शांतम्माच्या मांडीवरचा एकेक श्वास त्याला स्वतःच्या कानात ऐकू येत होता. दोन लहान. एक लांब. थांबा. तो श्वास कसाही असो, घरघर असो, शिट्टी असो, नुसता चालू राहावा. दोन लहान. एक लांब. थांबा.

अप्पांचं शेत दिसायला लागलं. समाधीवर लावलेलं बेलाचं रोप आता माणसाएवढं झालं होतं. आणि तिथं, बरोब्बर तिथं, थांबा लांबला.

"अण्णा," शांतम्मा म्हणाली. "अण्णा, घेईना की ओ. श्वास घेईना!"

भीमराजचा पाय पेट्रोलवर होता, दोन्ही हात स्टिअरिंगवर, डोळे पुढच्या काचेतून रस्त्याकडं. लिंबू चोखणारा माणूस तो. घरातले देव ओढ्यात सोडणाऱ्या बापाचा लेक. त्याच्या तोंडून जे निघालं ते त्यानं ठरवून काढलं नाही. तो गळा फाडून ओरडला, "सोडू नका, अप्पा! धरा त्याला! धरून ठेवा ओ अप्पा!"

गाडी समाधीवरून पुढं गेली. आणि मांडीवर पोरानं ओढून, घरघरत, लांबच लांब श्वास घेतला.

आळंदच्या डॉक्टरनं घसा साफ केला, इंजेक्शन दिलं, रात्रभर नळी लावून ठेवलं. पोर जगलं. शांतम्मा त्याला घेऊन माहेरी गेली ती सासू असेपर्यंत परत आली नाही, आणि सोमशेखरनंही तिला एका शब्दानं ये म्हटलं नाही. भीमराज पहिल्यासारखाच फाट्यावर गाड्या दुरुस्त करत राहिला, गिऱ्हाइकांवर खेकसत राहिला. त्या चढावर तो कुणाला ओरडून हाक मारत होता, हे फक्त शांतम्माला ठाऊक होतं. तिनं ते कुणाला सांगितलं नाही, आणि त्यानंही तिला कधी सांगू नको असं म्हटलं नाही.